पाऊस लागला की रात्री घर अंधारात: सारखा पडणारा ईएलसीबी, तीन वायरमन आणि झालेला खर्च

मृग लागला की आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. मागच्या खोलीची भिंत ओल धरणार आणि रात्री दोन-अडीचला घरातली लाईट जाणार. गल्लीत सगळ्यांकडे दिवे चालू, म्हणजे हेस्कॉमकडे, आमच्या वीज कंपनीकडे, बोट दाखवायची सोय नाही. मोबाईलच्या उजेडात मीटरच्या पेटीपाशी जायचं आणि तो रुंद खटका, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी, वर करायचा. कधी राहायचा, कधी टक्कन खाली यायचा. सकाळी मागच्या दाराचा दिवा बंद करून पुन्हा बघितलं की मात्र शहाण्यासारखा वर. (हे वाक्य लक्षात ठेवा. उत्तर त्यातच होतं आणि आम्हाला ते चार पावसाळे दिसलं नाही.)

मी वायरमन नाही, बँकेत नोकरी करते. पण या एका भानगडीपायी जे शिकावं लागलं ते लिहून ठेवते, कारण वडगाव, खासबाग, अनगोळकडच्या जुन्या घरांतून अगदी हीच तक्रार ऐकते.

पहिल्या वायरमननं खटका वर-खाली करून पाहिला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, ‘ईएलसीबी गेलाय, वैनी.’ नवा बसवला. २,१०० रुपये वस्तूचे, ३०० मजुरीचे. आठ दिवस पाऊस नव्हता, तेवढे दिवस आम्ही त्याचं कौतुक केलं.

दुसरा त्याहून झटपट. ‘कशाला डोक्याला ताप? डायरेक्ट करून टाकतो बघा, परत पडायचा प्रश्नच नाही.’ रात्री उठून कंटाळलेले आम्ही हो म्हणालो. त्यानं ईएलसीबी वगळून लाईन थेट जोडली, ४०० रुपये दिले. आणि खरंच, परत पडला नाही. वर्षभर. मग एका सकाळी सासूबाई न्हाणीघरातून ओरडल्या, नळाला हात लावला की मुंग्या येतात म्हणून. मी म्हटलं, थंडीनं बधिर झाले असतील. हे बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ओल्या हातानं नळ धरला आणि दंडापर्यंत झिणझिणी आली.

तिसरे आले ते अनगोळचे एक वयस्कर गृहस्थ, कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढलेले. पिशवीतून आधी टेस्टर काढला नाही, वही काढली. ‘ताई, पडत होता तेव्हा कायकाय चालू असायचं ते सांगा.’ हा प्रश्न आधीच्या दोघांपैकी एकानंही विचारला नव्हता.

आधी बघा, पडलंय काय

बोर्डावर दोन जातीचे खटके असतात आणि दोघांच्या पडण्याचा अर्थ वेगळा. अरुंद ते एमसीबी. वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं की ते पडतात. ते वायरला आगीपासून वाचवतात, माणसाला शॉकपासून नाही. रुंद, ज्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं, तो आरसीसीबी. आपल्याकडे त्याला सगळे ईएलसीबीच म्हणतात, मीही तेच म्हणेन. तो फेजनं गेलेला करंट आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट यांचा हिशेब ठेवतो. गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे मधे कुठंतरी भिंतीत, पाण्यात नाहीतर माणसाच्या अंगातून जमिनीत चाललाय. घरगुती ईएलसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. एवढी गळती झाली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो पडलाच पाहिजे. पण १५ च्या पुढे तो कधीही पडू शकतो, आणि ते त्याच्या नियमात बसतं.

या शेवटच्या वाक्यामुळंच माणसं फसतात. घरात एकच मोठी गळती असली तर ती कुणालाही सापडते. पण गीझरची थोडी, ओल्या भिंतीची थोडी, जुन्या फ्रीजची थोडी अशी बेरीज झाली की कुठलीच एक वस्तू दोषी दिसत नाही आणि बिचाऱ्या ईएलसीबीवर आळ येतो.

पडलेला एमसीबी असेल तर वेळ बघा. वर करताक्षणी पडतोय तर शॉर्ट आहे, परत परत वर करू नका. दहा-वीस मिनिटं चालून पडतोय तर लोड जास्त आहे किंवा कुठंतरी जोड ढिला होऊन तापतोय, प्लगजवळ जळका वास येतो का पाहा. इथं एक उद्योग सर्रास चालतो: १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवतात. एमसीबी मग पडत नाही, कारण त्याच्याआधी भिंतीतली वायर जळते. एमसीबी वायरच्या जाडीवर ठरतो, आपल्या सोयीवर नाही. साधारण हिशेब असा की दिव्या-पंख्यांना दीड स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) वायर, मोठ्या प्लगला अडीचची, गीझर-एसीला चारची. २,००० वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३,००० वॉटचा तेरा.

बोर्ड न उघडता घरी करता येतं ते

पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, शक्यतो लाकडी पाटावर उभं राहून. बोर्डाचं झाकण आपण उघडायचं नाही, खटके आणि प्लग एवढंच आपलं काम.

सगळे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आपल्या भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि न्यूट्रलची वायर अर्थला कुठं टेकली असेल तरी ईएलसीबी पडतो. मग सगळे एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा आणि एकेक एमसीबी वर घ्या. ज्याला पडला ती लाईन धरा. त्या लाईनवरचे दिवे-पंखे बंद करून परत तेच, मग एकेक चालू करत जा, शेवटी प्लग एकेक लावा. बहुतेक वेळा कुठलीतरी एक वस्तू सापडते: गीझर, पाण्याची मोटार, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन. पाणी आणि उष्णता यांच्याजवळ राहणारी मंडळी.

सगळे एमसीबी खाली असतानाही ईएलसीबी वर राहत नसेल तर लगेच ‘तोच बिघडलाय’ असं म्हणू नका. साधे एमसीबी न्यूट्रल तोडत नाहीत, त्यामुळे दोष अजूनही वायरिंगच्या न्यूट्रलमध्ये असू शकतो. तिथून पुढे वायरमनचं काम, त्याला न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवून बघावी लागते. इन्व्हर्टर बसवल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर ते आवर्जून सांगा. इन्व्हर्टरचा फेज एका बाजूनं आणि न्यूट्रल दुसऱ्या बाजूनं घेतला की ईएलसीबीचा हिशेब कायमचा चुकतो, गळती काही नसतानाही.

आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. किती वाजता पडला, पाऊस होता का, काय चालू होतं. माझ्याकडे असं आठ दिवसांचं टिपण असतं तर माझे २,८०० रुपये वाचले असते.

आमच्याकडे काय निघालं

मागच्या खोलीत सासऱ्यांच्या काळी पॉवरलूम होता. माग विकून वीस वर्षं झाली, पण त्याची वायर भिंतीत तशीच होती आणि मागच्या दाराच्या दिव्याला लाईन तिथूनच कुणीतरी जोडून घेतलेली. जोड लाकडी पेटीत, पेटी बाहेरच्या भिंतीत, वरून कौलाची वळचण. पावसात पेटी भिजायची. तो दिवा आम्ही भुरट्या चोरांच्या भीतीनं रात्रभर चालू ठेवायचो. मध्यरात्रीपर्यंत भिंत पुरेशी मुरली की ईएलसीबी पडायचा. सकाळी दिवा बंद केला की फेज तुटायचा, गळती थांबायची, खटका वर राहायचा. एवढंच.

पण अनगोळच्या त्या गृहस्थांनी तिथं थांबायचं नाकारलं, कारण नळाच्या मुंग्यांचं उत्तर त्यात नव्हतं. अंगणात पेव्हर बसवताना मीटरकडून अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी पट्टी कुणीतरी तोडली होती. म्हणजे घरातल्या तीन पिनांच्या सगळ्या प्लगांची तिसरी पिन नुसती शोभेची. गीझरची कॉईल बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं चिरली होती, तिच्यातून थोडा करंट पाण्यात येत होता, आणि त्याला जमिनीत जायला धड वाट नसल्यामुळे तो लोखंडी पाईपातून नळापर्यंत. ईएलसीबी आधीच डायरेक्ट केलेला. आता विचार केला की अंगावर काटा येतो.

त्यांनी अर्थिंग नवं केलं, ईएलसीबी परत लाईनीत घेतला आणि गीझर लावला. लगेच पडला. मला वाटलं, झालं, पैसे पाण्यात. ते हसले, म्हणाले, ‘अर्थिंग नीट झालं म्हणून आता पडतोय. कालपर्यंत गळतीला वाट नव्हती.’ हे ध्यानात असू द्या. अर्थिंग दुरुस्त केल्यावर काही दिवस ईएलसीबी जास्त पडायला लागला तर काम बिघडलं असं नाही, लपलेले दोष बाहेर येत असतात.

पहिल्या वायरमननं ‘गेलाय’ म्हणून काढलेला जुना ईएलसीबी मी ड्रॉवरमध्ये ठेवला होता. त्यांनी तपासला. ठणठणीत होता. तो आता खानापूरला माझ्या माहेरी लागलाय.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त

आपल्या भागात जांभा आहे. पावसाळ्यात चिंब आणि एप्रिल-मेमध्ये खडखडीत. अर्थिंग जमिनीतल्या ओलीवर चालतं, म्हणून कोळसा-मीठ घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायला लागतं. आमच्या खड्ड्याच्या नळीवर घरच्यांनी तुळशीवृंदावन ठेवलं होतं, कुणालाच माहीत नव्हतं खाली काय आहे.

काही वायरमन खड्ड्याचा खर्च नको म्हणून प्लगमधल्या अर्थच्या पिनेला न्यूट्रलच जोडून देतात. टेस्टरनं, बल्बनं पाहिलं तर सगळं बरोबर दिसतं. पण न्यूट्रल कुठं तुटला तर फ्रीजचं, मशीनचं अख्खं पत्रं फेजवर येतं. असं केलेल्या घरात ईएलसीबी बरेचदा पडत राहतो, आणि काही जणांना ईएलसीबी आवडत नाही त्यामागं हे एक कारण असतं. काम झाल्यावर सरळ विचारा, ‘अर्थची वायर खड्ड्यापर्यंत गेलीय काय? दाखवा.’

ईएलसीबीचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला पाहिजे. मात्र त्या बटणानं ईएलसीबीच तपासला जातो, अर्थिंग नाही.

वायरमन कसा शोधायचा

गल्लीतला ओळखीचा माणूस वाईट असतो असं नाही, बल्ब-होल्डर-पंख्याला तोच बरा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं वगळलेली आहेत. त्यापलीकडचं वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून आणि परवानाधारकाच्या देखरेखीत व्हायला हवं. कर्नाटकात हे परवाने विद्युत निरीक्षणालयाकडून मिळतात. नवं मीटर घेताना किंवा मंजूर लोड वाढवताना हेस्कॉमला अशा कंत्राटदाराचाच कागद लागतो, तेव्हा मोठ्या कामाला सुरुवातीपासून तसाच माणूस घ्या. एसी, इंडक्शन, दुसरा गीझर आणत असाल तर मंजूर लोड वाढवावा लागेल का हेही त्यालाच विचारा. बिलातला स्थिर आकार किलोवॉटवर असतो.

फोनवर मी आता दोनच प्रश्न विचारते. ‘ईएलसीबी पडतोय, मेगर आहे काय तुमच्याकडे?’ मेगर म्हणजे वायरचं इन्शुलेशन तपासायचं यंत्र, घरच्या लाईनीवर ५०० व्होल्ट सोडून बघतात. त्याआधी टीव्ही, एलईडी बल्ब, चार्जर सगळं काढायला सांगेल तो माणूस जाणकार. दुसरा प्रश्न, ‘दोष सापडला नाही तर काय घेणार?’ यावर जो आधी बघतो, शोधायचे एवढे आणि दुरुस्तीचे वेगळे असं सांगतो तो मला पटतो. ‘बघू की, तुम्ही काय देणार ते’ म्हणणाऱ्याशी नंतर वाद ठरलेला. आणि ‘नाळे बर्तीनि’ (उद्या येतो) म्हणून तीन दिवस न येणारा असला तरी दारात येऊन लगेच ‘डायरेक्ट करूया’ म्हणणाऱ्यापेक्षा त्याची वाट बघणं बरं.

लोड, गळती, अर्थ, न्यूट्रल हे शब्द मराठी-कानडी दोन्हींत तेच आहेत, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. अडचण येते ती आपण नुसतं ‘लाईट जायलीय’ एवढंच सांगतो त्यानं.

पैसे

हे माझ्या वहीतले आकडे आहेत. तुमच्याकडे घर, अंतर आणि तांब्याचा भाव यावर कमी-जास्त होतील.

चुकीच्या दोन कामांवर २,८०० गेले. बरोबरच्या कामात शोधायचे ५००, मागच्या दिव्याची पाणी न शिरणारी नवी पेटी, नळी, वायर आणि मजुरी मिळून १,१५०, गीझरची कॉईल आणि थर्मोस्टॅट १,१००, अर्थिंगचा पाईप, खड्डा, पट्टी आणि एका माणसाची खणाई ३,८००. मागाची मेलेली वायर दोन्ही टोकांना तोडून बंद केली त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. सामान मी दुकानातून पक्क्या बिलानं आणलं, वायर-एमसीबीवर १८ टक्के जीएसटी लागतो तो धरून. बिलाशिवाय स्वस्त मिळतं, पण आयएसआयचा शिक्का खरा की छापलेला हे आपल्याला कळत नाही. वायर आणि ईएलसीबी या दोनच वस्तूंत काटकसर नको. बटणं साधी घ्या, पेटी साधी घ्या.

बिलावरून गळती ओळखता येते का, असं आमच्या ऑफिसात एकानं विचारलं. आमच्यासारखी २० मिलिअँपिअरची गळती महिन्याला तीन-सव्वातीन युनिट खाते, ती बिलात दिसणारच नाही. पण ईएलसीबी नसलेल्या घरात अर्धा अँपिअर रात्रंदिवस मुरत असेल, समजा मोटारीच्या खराब केबलमधून, तर महिन्याला ऐंशीच्या वर युनिट होतात. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत) असाल तर हे लगेच टोचेल, कारण २०० युनिटच्या पुढे गेलं की त्या महिन्याचं अख्खं बिल भरावं लागतं. वापर न वाढता युनिट वाढले असतील तर एमसीबी वरच ठेवून सगळे दिवे-पंखे बंद करा, प्लग काढा आणि मीटरचा लाल दिवा लुकलुकतो का बघा. लुकलुकत राहिला तर वायरमन बोलवा.

आपलं काम नसलेलं

मीटरपर्यंतचं हेस्कॉमचं, मीटरपासून पुढचं आपलं. वळवाच्या वाऱ्यात दिवे अचानक फार प्रखर होऊन पंखे जोरात फिरायला लागले, किंवा काही खोल्यांत प्रखर आणि शेजारी मिणमिणते, तर खांबावरचा न्यूट्रल तुटलेला असतो. आधी मेन स्विच खाली करा, टीव्ही-फ्रीजचं नंतर बघा, मग १९१२ ला फोन. आर.आर. नंबर, म्हणजे आपला ग्राहक क्रमांक, हाताशी ठेवा, बिलावर असतो, मी मीटरच्या पेटीवर मार्करनं लिहून ठेवलाय. रस्त्यावर तार पडली असेल तर कुणालाही जवळ जाऊ देऊ नका, जनावरांनाही. सासूबाईंना मी दोन वाक्यं पाठ करून घेतली आहेत: ‘करेंट इल्ला री’ (लाईट नाही हो) आणि ‘वायर कट आगी बिद्दैती’ (वायर तुटून पडलीय). त्या दुसरं वाक्य पहिल्यासारखंच निवांत म्हणतात, त्याला इलाज नाही.

कुणाला करंटनं धरून ठेवलं असेल तर हात लावायचा नाही. मेन खाली, नाहीतर कोरड्या काठीनं वायर दूर, आणि १०८.

गणपतीच्या दिवसांत बाहेरच्या माळा लागतात तेव्हा पाऊस असतोच. माळेचा प्लग घराच्या आत ठेवा, जोड वळचणीखाली लटकता ठेवा, जमिनीवर नको. आणि ईएलसीबी असलेल्या लाईनीवरूनच घ्या. शेजारच्या मंडळाच्या खांबावरून आकडा टाकून कुणी ‘जोडून देतो’ म्हणाला तर नको म्हणा.

यंदा जुलैमध्ये तो एकदाच पडला, रविवारी सकाळी. प्लग काढले, एकेक लावत गेले, तिसऱ्याला सापडलं: इस्त्री. दोरीचं कापड मुठीपाशी झिजून आतली तार दिसत होती. पंधरा मिनिटं लागली. दोरी बदलायला दिलीय, अजून आणायला जायचंय.